वाणाची मालकी कुठवर?

बियाण्यावर मालकी सांगणे हाच अन्याय, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा म्हणतो, भारतीय कायद्याने शेतकऱ्याला इतकी मोकळीक दिली आहे की नवे वाण काढायला कोणी पैसा लावणारच नाही. ‘पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, 2001’ दोघांनाही नकोसा आहे. किराणा दुकानातही ‘एचएमटी’ नावाने मिळणाऱ्या तांदळाची हकीकत मात्र पहिल्या पक्षाला अडचणीची ठरते. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांना 1983 मध्ये ‘पटेल 3’ भातात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांचे बी त्यांनी निराळे राखले, वर्षानुवर्षे निवडत नेले आणि त्यातून हे बारीक दाण्याचे वाण उभे राहिले. 1994 मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि 1998 मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ प्रसारित केले. वाण राज्याबाहेरही पसरले, पण खोब्रागडे हलाखीतच राहिले. तेव्हा वाणावर कोणाचीच कायदेशीर मालकी नव्हती, म्हणजे पहिल्या पक्षाला हवी तीच स्थिती होती, आणि तिचा तोटा शेतकऱ्यालाच झाला. यावर कोणी म्हणेल, त्यांनी फक्त निवड केली, विद्यापीठाने शुद्धीकरण केले. पण भात स्वपरागित पीक आहे. त्यात निवड ही वाण काढण्याची मान्य पद्धत आहे, आणि 2001 चा कायदा पैदासकाराच्या, म्हणजे नवे वाण काढणाऱ्याच्या, व्याख्येतच शेतकऱ्याला बसवतो.

हक्क हवा, हे एवढ्याने ठरते. तो कुठवर असावा, हा प्रश्न 2019 मध्ये गुजरातेत उभा राहिला. चिप्ससाठी लागणाऱ्या ‘एफसी 5’ या नोंदणीकृत बटाट्याच्या लागवडीवरून पेप्सिकोने शेतकऱ्यांवर दावे लावले; काहींकडे तर प्रत्येकी कोटीहून अधिक भरपाई मागितली. देशभर ओरड झाली आणि मे महिन्यात दावे मागे घेतले गेले. त्या शेतकऱ्यांची बाजू कलम 39 मध्ये आहे. संरक्षित वाणाचेही बियाणे शेतकरी राखू शकतो, पेरू शकतो, देऊ-घेऊ शकतो आणि विकूही शकतो. ब्रँडच्या नावाने मात्र विकू शकत नाही. दुसऱ्या पक्षाला खुपते ती हीच सवलत. त्यांचा मुद्दा पोकळ नाही, कारण बटाट्याचा कंद लावला की जसेच्या तसे वाण मिळते. संकरित बियाण्याचे तसे नसते. पुढच्या पिढीत गुण विखुरतात, म्हणून शेतकरी दरवर्षी दुकानात जातोच. पण बटाट्यातही बियाण्याचा ब्रँडबंद बाजार पैदासकाराच्याच हाती राहतो. संरक्षणाची 15 वर्षे, आणि झाडे-वेलींच्या बाबतीत 18, ही काही थोडकी मुदत नव्हे. वाण संरक्षणाच्या ‘युपोव’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 1991 च्या कराराप्रमाणे चालायचे तर राखलेले बियाणे विकण्याला जागाच उरत नाही. भारत त्या कराराचा सदस्य नाही, आणि होण्याची गरजही नाही. जागतिक व्यापार संघटनेचा ‘ट्रिप्स’ करार वाणांसाठी स्वतःची परिणामकारक व्यवस्था करण्याची मुभा देतो.

जानेवारी 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ‘एफसी 5’ ची नोंदणी रद्द करणारा वाण संरक्षण प्राधिकरणाचा 2021 चा निर्णय फिरवला, तेव्हा शेतकऱ्यांचा हक्कच गेला अशी समजूत पसरली. ती चुकीची आहे. मुख्य वाद नोंदणीच्या अर्जातील माहिती आणि कागदपत्रांचा होता. कलम 39 जिथल्या तिथे आहे. शिवाय, नवे वाणही कुणाच्या तरी जुन्या वाणातूनच निघते. म्हणून तर कायद्याने लाभाच्या वाटपाची तरतूद केली, गावसमाजाला दावा करण्याचा अधिकार दिला आणि जनुक निधी ठेवला. नागभीडसारख्या तालुक्यातल्या शेतकऱ्याला या तरतुदी ठाऊक नसतील, तर त्या असून नसल्यासारख्या. कायद्यात दुरुस्ती करायचीच असेल, तर कलम 39 ला हात न लावता हे दावे तालुक्याच्या कृषी कार्यालयात मराठीत दाखल करता येतील, अशी सोय सरकारने करावी.