संधिपोषक पूरके : लिहून देण्यापूर्वी, विकण्यापूर्वी

आवणीचे दिवस सरले की शेलू, नेरळ, वांगणी या पट्ट्यातील दवाखान्यांत गुडघेदुखीचे रुग्ण वाढतात, हा येथील व्यवसायबंधूंचा नित्याचा अनुभव आहे. पूर्वी असा रुग्ण निर्गुंडीचा शेक, एरंडतेल असे काही घरी करून मग आपल्याकडे येई. अलीकडे त्याच्या पिशवीतून आकर्षक वेष्टनाचा डबा निघतो आणि प्रश्न येतो, "डॉक्टर, हे घेत राहू का?" या प्रश्नाचे उत्तर आपण पुरेशा गांभीर्याने देतो काय, हा या लेखाचा विषय आहे.

आरंभी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी शेतावर राबणाऱ्या एका प्रौढ रुग्णेस मीच असे एक पूरक लिहून दिले. दोन्ही गुडघे दुखत होते. संधिगत वात गृहीत धरला. किती दिवस घ्यावे, हे चिठ्ठीवर लिहिले नाही. बाई प्रामाणिकपणे दुकानातून डबे नेत राहिल्या. आठ महिन्यांनी परत आल्या तेव्हा हातांच्या बोटांना सूज होती आणि सकाळी तासभर मूठ वळत नव्हती. तो आमवात होता. डब्याने अपाय केला नाही. परंतु त्याच्या भरवशावर आठ महिने गेले आणि मजुरीचे पैसेही गेले. त्यातला दोष कंपनीचा नव्हता, माझा होता.

म्हणून पहिला प्रश्न निदानाचा. चरकाचार्यांनी संधिगत वाताचे वर्णन वातव्याधिचिकित्सेत केले, वातरक्तास स्वतंत्र अध्याय दिला; माधवनिदानाने आमवात वेगळा सांगितला. तीनही व्याधींत सांधे दुखतात, तिन्हींची चिकित्सा मात्र भिन्न आहे. 'सांध्यांसाठी उत्तम' एवढेच सांगणारा डबा हा भेद पुसून टाकतो. तो भेद राखणे हे वैद्याचे काम आहे. त्यासाठी आवश्यक तेथे रक्ततपासणी करून घेण्यात आणि रुग्णास तज्ज्ञाकडे पाठविण्यात कमीपणा नाही.

दुसरा प्रश्न लेबलाचा. तो माल औषध आहे की अन्न? आयुर्वेदिक औषधावर उत्पादन परवाना क्रमांक आणि घटकद्रव्ये असतात. अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या पूरकावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक असतो आणि २०१६ च्या विनियमांपासून 'औषधी उपयोगासाठी नाही' अशा अर्थाची सूचना आवश्यक ठरली आहे. ज्या वस्तूवर तिचा उत्पादकच ती औषध नसल्याचे छापतो, ती आपण व्याधीसाठी लिहून देतो, यातील विसंगती लक्षात घ्यावी. उलट 'संधिवात मुळासकट बरा' अशी जाहिरात दिसल्यास १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा आठवावा. त्याच्या अनुसूचीत संधिवाताचा समावेश आहे.

तिसरा प्रश्न मात्रेचा, आणि येथेच बहुतेक डबे उघडे पडतात. ग्लुकोसामाइनच्या चाचण्यांत सामान्यतः दिवसाला १५०० मिलिग्रॅम दिले गेले. समजा, ५०० मिलिग्रॅमच्या ६० गोळ्यांचा डबा ९०० रुपयांस आहे. वेष्टनावर 'रोज एक गोळी' लिहिले असेल, तर रुग्णास एकतृतीयांश मात्रा मिळते. पूर्ण मात्रेचा खर्च दिवसाला ४५ रुपये, तीन महिन्यांचा ४०५० रुपये होतो. किंमत डब्याची पाहू नये, पूर्ण मात्रेच्या एका दिवसाची पाहावी. शल्लकीबाबत हे अधिकच खरे आहे. नागपूर येथे ३० रुग्णांवर झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शल्लकीचे सत्त्व ३३३ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा दिले होते. वेदना कमी झाल्या, चालण्याचे अंतर वाढले. क्ष-किरण चित्रात मात्र फरक पडला नाही. ज्या लेबलावर 'शल्लकी' एवढेच आहे, सत्त्व की चूर्ण याचा उल्लेख नाही, त्यास त्या चाचणीचा आधार घेण्याचा अधिकार नाही.

"आमच्या रुग्णांना गुण येतो, मग चाचण्या कशाला?" असे काही बंधू म्हणतील. त्यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेली अमेरिकेतील मोठी चाचणी पाहावी. गुडघ्याच्या संधिवाताचे १५८३ रुग्ण २४ आठवडे तपासले गेले. ज्यांना औषधविरहित गोळी दिली, त्यांपैकी ६०.१ टक्के रुग्णांच्या वेदना किमान एकपंचमांशाने कमी झाल्या. ग्लुकोसामाइन व कॉन्ड्रॉइटिन एकत्र घेणाऱ्यांत हे प्रमाण ६६.६ टक्के होते. एकंदर गटात हा फरक निर्णायक ठरला नाही. मध्यम ते तीव्र वेदनांच्या छोट्या उपगटात तेवढा अधिक लाभ दिसला. दहापैकी सहा रुग्ण नुसत्या गोळीनेही सुधारत असतील, तर 'गुण आला' या एका वाक्यावर कोणत्याच डब्याची परीक्षा होत नाही. हा निकष आपल्या काढ्या-गुग्गुळांनाही लावावा लागेल.

आपल्या बाजूने आधार नाही असे मात्र नव्हे. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी ४४० रुग्णांवर केलेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री चाचणीत शुंठी-गुडूचीयुक्त आयुर्वेदीय कल्प ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्या तोडीचे ठरले. परंतु तेथे औषधविरहित गट नव्हता, आणि आयुर्वेदीय कल्प घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताचे एसजीपीटी वाढले; औषध थांबविल्यावर ते पूर्ववत झाले. वनस्पतीज म्हणजे निरुपद्रवी, हे वाक्य आपण आता सोडून द्यावे.

औषधविक्रेत्या बंधूंना तीन विनंत्या. ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून बनते. माळकरी गिऱ्हाइकास हे विकण्यापूर्वी सांगावे. वॉरफरिन चालू असलेल्या रुग्णास ते वैद्यकीय सल्ल्यावाचून देऊ नये. आणि जो डबा दोन दिवसांत जादूसारखा आराम देतो, त्याविषयी आनंदापेक्षा संशय धरावा. २०२२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 'आर्ट्री किंग' नावाच्या पूरकांत लेबलावर नसलेले डायक्लोफेनॅक आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आढळल्याचा इशारा दिला होता. असा माल घेणारा रुग्ण तो एकाएकी बंद करतो, तेव्हा धोका आणखी वाढतो.

पूरके विकूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. दुकान चालवावे लागते, हे मीही जाणतो. निदान निश्चित, लेबल स्पष्ट, मात्रा पूर्ण आणि खर्च रुग्णास झेपणारा असेल, तर अवश्य द्यावे. मात्र चिठ्ठीवर औषधाच्या नावाशेजारी एक गोष्ट लिहावी : थांबण्याची तारीख. त्या तारखेस रुग्णाने जिना चढून, मांडी घालून दाखवावे. फरक नसेल तर डबा बंद. विक्रेत्यानेही ती तारीख उलटल्यावर पुढचा डबा देण्यापूर्वी रुग्णास वैद्याकडे पाठवावे. त्या बाईंच्या चिठ्ठीवर अशी तारीख असती, तर त्या आठ महिन्यांऐवजी आठ आठवड्यांत माझ्यासमोर बसल्या असत्या.