समुद्रपूरच्या घरात समुद्र



दिवाळीनंतरच्या टपालात या वेळी एक वेगळेच पत्र आले. समुद्रपूर तालुक्यातल्या नववीच्या एका मुलीने विचारले आहे, "मला घरी काचेच्या टाकीत खाऱ्या पाण्याचे मासे आणि प्रवाळ ठेवायचे आहेत. आपल्याकडे जमेल का?" त्याच कागदावर खाली वडिलांच्या अक्षरात दोन ओळी आहेत, "साहेब, पोरगी ऐकत नाही. पैसा पाण्यात जाईल का, तेवढे सांगा."

दोघांनाही उत्तर एकदमच देतो. तालुक्याचे नाव समुद्रपूर खरे, पण मुंबईचा समुद्र वर्ध्याहून रेल्वेने साडेसातशे किलोमीटर दूर आहे. मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा समुद्र त्याच्या दारातच होता. आपल्याला तो मिठाच्या पिशवीतून तयार करावा लागतो. तसा तो करता येतो. मात्र लहान टाकी म्हणजे सोपी टाकी, हा समज आधी काढून टाकावा. तळ्यात एक मासा मेला तर कोणाला कळतही नाही. बादलीत मेला तर सगळे पाणी नासते. पाणी जितके थोडे, तितकी राखण जास्त.

प्रवाळाबद्दल आधी

प्रवाळ हा दगड नव्हे आणि झाडही नव्हे. तो एक बारीक प्राणी आहे. स्वतःभोवती चुन्याचे घर बांधतो, आणि असे हजारो जीव एकत्र वाढले की त्यांची भिंत होते. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते, ते उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातला वाटा प्रवाळाला मिळतो. पाणी फार तापले की हे शैवाल निघून जाते, प्रवाळ पांढरा पडतो आणि बरेचदा मरतो.

आपल्या राज्यात मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे. तिथे १९८७ साली सागरी अभयारण्य झाले. दगडी प्रवाळ, काळा प्रवाळ आणि समुद्रपंखा यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. आपल्या समुद्रातून ते तोडणे, विकणे, घरी बाळगणे हा गुन्हा आहे. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अलीजवळ प्रवाळाच्या १८ वसाहती आडव्या आल्या. २०२० साली वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने त्या दुसरीकडे हलवाव्या लागल्या. एवढ्या मोठ्या कामाला जी सूट नाही, ती आपल्या घरातल्या टाकीला कोठून मिळणार? दुकानदाराने कितीही गोड बोलून तुकडा पुढे केला, तरी घेऊ नये.

तेव्हा आपली टाकी प्रवाळाविना असावी. खडक, वाळू, सागरी शैवाल, दोन-चार शंखवाल्या गोगलगायी आणि एक मासा. एवढ्यातही समुद्राचा सगळा कारभार पाहायला मिळतो.

टाकी, जागा आणि मीठ

दीड फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत साधारण ४२ लिटर पाणी मावते. खडक आणि वाळू टाकल्यावर ३५ लिटर धरावे. टाकी उत्तरेकडच्या भिंतीला, चुलीपासून आणि खिडकीच्या उन्हापासून दूर, भक्कम टेबलावर ठेवावी. भरल्यावर तिचे वजन अर्ध्या क्विंटलाच्या आसपास जाते, हे ध्यानात असू द्यावे.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे आपल्या टाकीला सव्वा किलोच्या आसपास मीठ लागते. पण ते स्वयंपाकघरातले मीठ नव्हे. समुद्राच्या क्षारांत खाण्याच्या मिठाचा भाग मोठा असला, तरी मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, गंधकाचे क्षार हेही त्यात ठरलेल्या मापाने असतात. पिकाला नुसता युरिया देऊन भागत नाही, तसेच हे आहे. म्हणून मत्स्यालयासाठी मिळणारे तयार सागरी मीठच घ्यावे. वेगळ्या बादलीत आधी पाणी, मग त्यात मीठ, असे करून लहान पंपाने एक दिवस ढवळू द्यावे. हायड्रोमीटरवर घनता १.०२५ दिसली की पाणी तयार झाले.

पाणी आर.ओ. यंत्राचे घ्यावे. बोअरचे नको, त्याचे कारण पुढे येते आहे. टिनाच्या पत्र्यावरून आलेले पावसाचे पाणीही नको, कारण त्यात जस्त उतरते आणि गोगलगायी मरतात. शेतकऱ्याच्या घराला एक इशारा विशेष द्यायचा आहे. फवारणीची बादली, मग किंवा काठी या कामाला चुकूनही वापरू नये. मोरचुदाचा अंशसुद्धा शंखवाल्या जीवांना मारतो आणि कीटकनाशकाचे तर सांगायलाच नको. फवारून आलेल्या हातांनी टाकीला शिवू नये.

एक महिन्याची वाट

खडक दुकानातला कोरडा, पांढरा, छिद्रांचा घ्यावा. नदीतला काळा पाषाण भरीव असतो, त्यात जिवाणूंना पुरेसे घर मिळत नाही. खडक रचला, वाळू पसरली, पाणी भरले, पंप चालू केला, की घरातली पोरे मासा आणायला निघतात. तेव्हाच थांबायचे असते.

मासा जे खातो त्याची घाण होते आणि तिचा अमोनिया बनतो. अमोनिया माशाला विष आहे. काही जिवाणू त्या अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते मात्र मासा बऱ्यापैकी सोसतो. हे जिवाणू पहिल्या दिवशी टाकीत पुरेसे नसतात. मासा न सोडता रोज माशाच्या अन्नाची चिमूट टाकत राहिले, की चार ते सहा आठवड्यांत त्यांची वस्ती खडकात वाढते. तपासणी संचावर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवू लागले आणि नायट्रेट दिसू लागले, म्हणजे टाकी पिकली. त्याआधी मासा सोडणे म्हणजे वाफसा नसताना पेरणी करणे.

बंधूंनो, हे जिवाणू आपल्याला परके नाहीत. वावरात युरिया टाकला की त्याचा आधी अमोनिया होतो, मग नायट्राइट, मग नायट्रेट. ते काम याच जातीचे जिवाणू मातीत करतात. पराटी नत्र उचलते, ते मुख्यतः या नायट्रेटच्या रूपात. मातीत दिसत नाही ते काम काचेच्या टाकीत रंगाच्या नळीवर मोजता येते. मुलीच्या हट्टात हा एक मोठा फायदा आहे.

ऊन, वीज आणि उडणारे पाणी

या टाकीला २४ ते २७ अंश उष्णता मानवते. आपला मे महिना ४५ अंशांचा. म्हणून टाकी आता, हिवाळ्याच्या तोंडाशी सुरू करावी, म्हणजे उन्हाळ्याआधी ती स्थिरावते. थंडीच्या रात्रींसाठी लहान हीटर लागेल. उन्हाळ्यात पाण्यावरून लहान पंखा सोडावा. माठ जसा झिरपून गार होतो, तसेच पाणी उडून टाकी दोन-तीन अंशांनी उतरते. तेवढ्याने भागले नाही तर कुलर असलेल्या खोलीत टाकी हलवावी लागेल, तेव्हा जागा आधीच तशी निवडावी.

पण पाणी उडते, मीठ उडत नाही. ३५ लिटरातले ५ लिटर गेले, तर लिटरला ३५ ग्रॅमचे जवळजवळ ४१ होतात. निचरा नसलेल्या काळ्या वावरात क्षार वर येतात, त्याचे कारण हेच. म्हणून टाकीवर रेघ मारून ठेवावी आणि रोज तेवढे गोडे पाणीच भरावे. खारे कधीही नाही.

गोड्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि कोमट पाण्यात आणखी कमी. वीज जाण्याचा भरवसा असलेल्या गावात बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी हवाच.

मासा एकच, विदूषक मासा. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याची पैदास टाकीत करण्याची पद्धत बसवली आहे. समुद्रातून धरलेला न घेता टाकीत जन्मलेला मागून घ्यावा. तो टिकतोही चांगला.

दर आठवड्याला साडेतीन लिटर पाणी काढून तेवढेच नवे खारे पाणी घालावे. काढलेले पाणी परसातल्या वांग्या-मिरचीला किंवा कढीपत्त्याला घालू नये. वर्षाचा हिशेब केला तर त्यातून सहा किलोहून जास्त मीठ जाते.

टाकीतून विहिरीकडे

आता बोअरच्या पाण्याचे कारण. टाकीतले पाणी बदलायचे ते मुख्यतः साठलेले नायट्रेट काढण्यासाठी. वरून घातलेल्या पाण्यातच नायट्रेट असेल तर काय उपयोग? केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात भूजलातील नायट्रेटसाठी देशातले जे जिल्हे ठळकपणे नोंदले गेले, त्यांत आपला वर्धा आहे. तपासलेल्या नमुन्यांपैकी शेकडा नव्वदहून अधिक नमुने पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेबाहेर निघाले. ती मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे.

टाकीत नायट्रेट कुठे नाहीसे होत नाही, तसे ते वावरातही होत नाही. मातीचे कण त्याला धरून ठेवत नाहीत. पिकाने उचलले नाही, तर पावसाबरोबर ते खाली विहिरीत उतरते. युरियाच्या ४५ किलोच्या एका पोत्यात सुमारे २० किलो नत्र असते. ते एकाच वेळी फेकले आणि दुसऱ्या दिवशी धो-धो पाऊस आला, तर पैसाही गेला आणि पाणीही गेले. विहिरीलगतचा गोठा, उकिरडा आणि शौचालयाचा खड्डा यांतूनही तेच उतरते.

हे पाणी दिसायला स्वच्छ आणि चवीला गोड असते, म्हणून धोका कळत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचे दूध अशा पाण्यात कालवून दिले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते आणि ओठ, नखे निळसर पडतात. पाणी उकळून उपयोग नाही. उकळल्याने पाणी आटते आणि नायट्रेटचे प्रमाण उलट वाढते. ब्लीचिंग पावडरनेही ते जात नाही. आर.ओ. यंत्राने बरेचसे जाते. अंगावर पिणाऱ्या बाळाला हा धोका फार कमी, म्हणून आयांनी सहा महिने दुसरे काही देऊ नये.

तेव्हा या आठवड्यात प्रत्येक घराने तीन कामे करावीत. पहिले, विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याची बाटली स्वच्छ धुऊन भरावी आणि ग्रामपंचायतीमार्फत पाणी तपासणी प्रयोगशाळेत पाठवावी. 'नायट्रेट तपासावे' असे चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे. दुसरे, उकिरडा आणि शोषखड्डा विहिरीपासून निदान ५० फूट दूर, उताराच्या बाजूला न्यावा. तिसरे, रब्बीला युरिया देताना तो दोन-तीन हप्त्यांत, ओलाव्यावर आणि मातीआड द्यावा. हरभऱ्याला तर मुळांवरच्या गाठी नत्र पुरवतात. त्याला वरून युरियाचे पोते लागत नाही.

राहिला वडिलांचा प्रश्न. टाकी, दिवा, पंप, मीठ आणि तपासणी संच मिळून खर्च काही हजारांत जातो. हंगाम हाती आला नसेल तर तूर्त करू नये. लहान टाकीत गोड्या पाण्याचे गप्पी मासे पाळून एक वर्ष हात बसवावा. अमोनिया ते नायट्रेट हा धडा तिथेही तोच आहे. हंगाम बरा असेल, तर टाकी घ्यावी. मात्र तपासणी संच आधी घ्यावा आणि त्यातली पहिली नळी घरच्या पिण्याच्या पाण्याने भरावी. तो संच गोड्या पाण्यालाही चालतो ना, ते डबीवर पाहून घ्यावे.

पुढील अंकी हरभऱ्यावरील घाटे अळीबद्दल. कामगंध सापळे आतापासून मागवून ठेवावेत.