तारेखालचे घर आणि पेशीतला धागा

परवा वस्तीतील एक ताई लेकराला कडेवर घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांच्या घरावरून हायटेन्शनची तार जाते. कुणीतरी सांगितले की, तारेच्या चुंबकाने पेशीतला डीएनए तुटतो व मुलांना रक्ताचा कर्करोग होतो. "दादा, मिळेल त्या भावात घर विकू का?" त्यांनी विचारले. आम्ही पडलो बी.कॉम. कारकून! उत्तर द्यायला चार दिवस मागून घेतले आणि वाचायला बसलो.

विजेच्या प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र असतेच. क्ष-किरण डीएनएचा धागा थेट तोडू शकतात; तेवढी शक्ती या क्षेत्रात नाही. तरी २००२-०३ मध्ये व्हिएन्नाच्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या त्वचेतील पेशींवर ५ मिनिटे चालू, १० मिनिटे बंद असे क्षेत्र सोडले, तेव्हा धागे तुटलेले दिसले. अखंड चालू ठेवले, तेव्हा दिसले नाहीत. तुटलेला डीएनए जेलीत विजेच्या ओढीने सरकतो व धूमकेतूसारखी शेपटी दिसते, अशी ही तपासणी. २००५ मध्ये इटलीत तोच प्रयोग पुन्हा झाला; शेपटी दिसली नाही. एकाला दिसले व दुसऱ्याला दिसले नाही, तर ते सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. शिवाय प्रयोगातील क्षेत्र १००० मायक्रोटेस्लापर्यंत होते. घरात ते साधारण ०.१ असते, अगदी हायटेन्शन तारेखाली २० पर्यंत जाते व अंतराबरोबर झपाट्याने घटते.

मग काळजी अजिबात नको का? तसेही नाही. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे क्षेत्र 'कदाचित कर्करोगकारक' ठरवले. सरासरी ०.४ च्या वर क्षेत्र असलेल्या घरांतील मुलांत रक्ताचा कर्करोग सुमारे दुप्पट आढळला होता. पण हा रोग मुळात विरळा, आणि कारण क्षेत्रच, हे सिद्ध झालेले नाही.

ताईंना आम्ही सांगितले, या भीतीपोटी घर मातीमोल विकू नका. पण हायटेन्शन तारेच्या फार जवळ गेले, तर हात न लागताही वीज हवेतून उडी मारून झटका देते, हा धोका मात्र पक्का आहे. गच्चीवर लोखंडी सळई उभी करू नका, पोरांना तिथे पतंग उडवू देऊ नका. तार व छप्पर यांतील अंतर नियमाप्रमाणे आहे का, हे वीज कार्यालयाला लेखी विचारा आणि पोच घ्या.

अर्ज आम्हीच लिहून दिला. ताईंनी त्यावर सही केली, अंगठा नव्हे.