मडगार्ड कापण्याआधी

बंगळुरूच्या पोस्टिंगचा एक फायदा म्हणजे इथे कोर्समेट पुष्कळ भेटतात. खडकवासल्याला तीन वर्षं माझ्याच स्क्वाड्रनमध्ये काढलेला एक मित्र लवकर फौजेतून बाहेर पडला आणि आता कनकपुरा रोडच्या बाजूला शेती करतो. शेतावर फिरायला त्याच्याकडे एटीव्ही आहे. जाड टायरची चार चाकं आणि मोटरसायकलसारखं हँडल असलेली गाडी. मागच्या महिन्यात त्याने तिला मोठे टायर बसवले, २५ इंचांच्या जागी २७ इंचांचे. मग हँडल पूर्ण वळवलं की टायर प्लास्टिकच्या मडगार्डला घासायला लागले. रविवारी सकाळी त्याचा फोन आला, "ग्राइंडर घेऊन ये. चारही मडगार्ड अर्धे उडवून टाकू. दिसेल पण झकास."

मी गेलो, पण ग्राइंडर नेला नाही. त्याचं कारण लडाखमध्ये आहे.

काही वर्षांपूर्वी तिथे आमच्याकडे अशाच गाड्या होत्या. एकीचं पुढचं मडगार्ड दगडावर आपटून तुटलं. लोंबणारा तुकडा चाकात अडकेल म्हणून तो कापून टाकायला मी सांगितलं, आणि नवीन मडगार्ड येईपर्यंत गाडी तशीच चालू दे, हेही मीच सांगितलं. तिसऱ्या दिवशी पुढच्या चाकाने उडवलेला खडा चालवणाऱ्या जवानाच्या डोळ्याखाली लागला. काचेवर वाफ धरली म्हणून त्याने गॉगल कपाळावर सरकवला होता. चार टाके पडले. "साहेब, थोडक्यात निभावलं," एवढंच तो म्हणाला. गॉगल त्याने काढला होता हे खरं, पण गाडी चालवायचा हुकूम माझा होता. खडा बोटभर वर लागला असता तर मी त्याच्या घरी काय लिहिलं असतं, हा विचार अजून येतो.

मडगार्ड हे नावच थोडं फसवं आहे. त्याने फक्त चिखल अडतो असं वाटतं, आणि चिखल काय, धुता येतो. पण एटीव्हीवर माणूस चार चाकांच्या मधोमध उघडा बसलेला असतो. पुढचं मडगार्ड त्याचं तोंड वाचवतं, आणि मागच्याचा पुढचा भाग त्याचा पाय चाकाखाली जाऊ देत नाही. मोटरसायकलच्या साडी गार्डचंही असंच. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक किमान अर्धं झाकलेलं हवं, असा १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम आहे. तरी गाडी रुबाबदार दिसावी म्हणून ते काढून ठेवणारे आपल्या प्रत्येक गल्लीत सापडतील. नंतर त्याच गाडीवर मागे बहीण बसते, तिची ओढणी वाऱ्यावर उडत असते.

रस्त्यावरच्या गाड्यांवर निदान कायद्याचा डोळा आहे. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं. शेतावरच्या एटीव्हीकडे मात्र कोणी इन्स्पेक्टर येत नाही. म्हणूनच तिथे आपली जबाबदारी वाढते.

मित्राचं म्हणणं, "अरे, फौजी माणूस तू. जुगाडाला कधीपासून घाबरायला लागलास?" घाबरत नाही. याच बंगळुरूत १९१२मध्ये मद्रास सॅपर्सच्या कॅप्टन मॅक्लिंटॉकने नळ्या एकाला एक जोडून बॅंगलोर टॉर्पेडो तयार केला. स्फोटकं भरलेली ती लांब नळी आडोशातून पुढे सरकवायची आणि काटेरी तारा उडवायच्या. तोही जुगाडच, पण माणूस आडोशाला राहावा म्हणून केलेला. आपण मात्र माणसापुढचा आडोसाच कापायला निघालो होतो.

मग आम्ही काय केलं ते सांगतो, कोणाला उपयोग होईल. आधी मी जुने टायर परत बसव म्हणालो. मोठ्या टायरने गाडी फक्त इंचभर उंच होते आणि बेल्टवर ताण वाढतो. त्याने ऐकलं नाही. मग टायरला खडू फासला, वर वजन ठेवून गाडी दाबली आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवलं. मडगार्डवर खडूचे डाग उमटले ते पुढच्या दोन चाकांपाशीच, प्रत्येकी चार बोटं रुंदीचे. मागे एकही डाग नाही! त्याने अर्धी कापायला काढली होती ती चारही मडगार्ड.

डागाभोवती कागदी टेप लावून रेघ मारली. आतल्या कोपऱ्यात आधी ड्रिलने गोल भोक पाडलं, कारण प्लास्टिकला तडा जातो तो टोकदार कोपऱ्यातून. मग गॉगल घालून साध्या हॅक्सॉच्या पात्याने हळूहळू कापलं. ग्राइंडरच्या वेगाने प्लास्टिक वितळतं आणि कड खडबडीत होते. शेवटी कानस, पॉलिश पेपर, आणि कडेवर मधोमध चिरलेली रबरी नळी. दोन तास लागले. कापलेले दोन्ही तुकडे एका तळहातावर मावले.

माझं म्हणणं एवढंच आहे. घरी करवत जरूर चालवा, हाताने काम करण्यासारखं सुख नाही. पण कापायचा भाग तिथे कशासाठी आहे याचं उत्तर आधी द्या, आणि मग लागेल तेवढंच कापा. कमी पडलं तर पुढच्या रविवारी आणखी कापता येईल. जास्त कापलेलं परत चिकटवता येत नाही.

संध्याकाळी पाऊस झाला. मित्र लाल चिखलातून दोन चकरा मारून आला. पँट गुडघ्यापर्यंत लाल झाली होती, चेहरा मात्र स्वच्छ होता. त्याची मुलगी लगेच म्हणाली, "बाबा, आता मी." तिला हेल्मेट आणि गॉगल देताना मागच्या मडगार्डकडे त्याने एकदा पाहिलं. बोलला काही नाही.