पुरावा मागणारा समाज

पोटात कळ येते, सकाळीच चार-पाच वेळा धावावं लागतं. एखादा आठवडा बरा जातो आणि पुन्हा मुरडा सुरू होतो. रक्त, सोनोग्राफी, दुर्बीण, सगळ्या तपासण्या होतात आणि शेवटी डॉक्टर सांगतात, "रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका." त्यानंतर घरात जे घडतं, त्याबद्दल हा लेख आहे. त्या दिवसापासून घरच्यांचा दुखण्यावरचा विश्वास उडतो. सून असेल तर कामाच्या वेळीच बरं हिचं पोट दुखतं, असं सासू ऐकवते. मुलगा असेल तर बाप त्याला परीक्षेला भिणारा ठरवतो. कचेरीत रजेचा अर्ज आला की साहेब मान हलवतात. ज्याला रोज वेदना होतात, त्याला आपण सगळे मिळून खोटारडा ठरवतो आणि वर त्याच्याच भल्याचं बोलतोय असं मानतो.

या विकाराला आयबीएस म्हणतात. आतडं दुर्बिणीतून धड दिसतं, पण त्याची हालचाल आणि संवेदना बिघडलेली असते. भारतातल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेची २००८ साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की समाजात शंभरातल्या चौघांना ही लक्षणं आहेत. म्हणजे प्रत्येक चाळीत, प्रत्येक वर्गात कोणीतरी आहे.

आणि हे मनातून उगवतं म्हणणाऱ्यांनी कॅनडातल्या वॉकर्टन गावाकडे पाहावं. मे २००० मध्ये तिथल्या नळाच्या पाण्यात जंतू मिसळले. सात माणसं दगावली, दोन हजारांहून अधिक आजारी पडली. पुढे काही वर्षं गावकऱ्यांचा पाठपुरावा झाला. साथ बाधलेल्यांपैकी चौघांमागे एकाहून जास्त जणांना आयबीएसची लक्षणं होती. न बाधलेल्यांत हे प्रमाण दहात एक होतं. दूषित पाण्याने जडलेलं दुखणं ते. आपल्याकडे दर पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ येते, रुग्ण बरे होऊन घरी गेले की फाइल बंद होते. त्यानंतर वर्षानुवर्षं पोट सांभाळत जगणाऱ्यांची मोजदाद कोण ठेवतं?

याच धाग्यावरून लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयातल्या मार्क पिमेंटेल आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली रक्ताची एक चाचणी मांडली. कॅम्पिलोबॅक्टरसारखे जंतू एक विष सोडतात. त्याच्याविरुद्ध शरीर प्रतिपिंडं तयार करतं, आणि आपल्याच पेशींमधलं विन्क्युलिन नावाचं प्रथिन त्या विषासारखं भासल्याने त्याच्याविरुद्धही प्रतिपिंडं तयार होतात. ही दोन्ही रक्तात मोजता येतात. रुग्णांना केवढा दिलासा वाटला असेल! आता सांगता येईल, हे बघा, कागदावर लिहिलंय.

पण त्यांच्या शोधनिबंधातले आकडेही लक्षात घ्या. चाचणी 'आहे' म्हणाली तर ते बहुधा खरं; मात्र जुलाबाचा आयबीएस असलेल्यांतही तिने एका प्रतिपिंडावरून शंभरातले सुमारे ४४ आणि दुसऱ्यावरून ३३ जणच ओळखले. बद्धकोष्ठाच्या प्रकारासाठी ती मुळात नाहीच. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये अशा चाचण्यांची शिफारस करायचं टाळलं. विज्ञानाचा हा प्रामाणिकपणा आहे, त्याला माझा आक्षेप नाही. आक्षेप आपल्यावर आहे. विश्वासासाठी रिपोर्टची अट आपण अशीच लावून धरली, तर ज्यांच्या रक्तात काही सापडणार नाही त्यांना आपण दुसऱ्यांदा खोटं ठरवू, आणि यावेळी विज्ञानाचं नाव घेऊन.

हे आपण पूर्वी केलं आहे. जठराच्या अल्सरचं खापर कित्येक पिढ्या काळजीवर आणि तिखटावर फोडलं गेलं. त्यामागे जंतू आहेत हे पटवायला बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये स्वतः जंतूंचं द्रावण पिऊन दाखवलं, रॉबिन वॉरेन यांच्यासह त्यांना २००५ साली नोबेल मिळालं. ज्यांना आयुष्यभर 'चिंता करू नका' ऐकवलं गेलं, त्यांची माफी मात्र कोणी मागितली नाही.

अविश्वासाच्या पोकळीत शिरायला बाजार टपलेला असतोच. रक्ताच्या थेंबावरून शंभर-दोनशे पदार्थ 'चालत नाहीत' सांगणाऱ्या आयजीजी तपासण्या शहरांत विकल्या जातात. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांनी २००८ मध्येच त्या निदानासाठी वापरू नका असं सांगितलं आहे. भाकरी, दूध, डाळ सोडून हडकलेली माणसं त्या यादीवर श्रद्धा ठेवतात, कारण निदान तिने तरी त्यांचं दुखणं मान्य केलेलं असतं. त्याहून भयंकर म्हणजे सुरी. अमेरिकेतल्या २००४ च्या एका मोठ्या अभ्यासात आयबीएसच्या रुग्णांत पित्ताशय काढलेल्यांचं प्रमाण इतरांच्या तिप्पट, गर्भाशय काढलेल्यांचं दुप्पट आढळलं. बाईचं पोट दुखतंय तर पिशवी काढून टाका, हा सल्ला महाराष्ट्रालाही अनोळखी नाही. बीडच्या ज्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं काढली गेली, त्यांची कारणं वेगळी होती, पण त्यांचं दुखणं समजून घेण्याची फुरसत कोणालाच नव्हती, एवढं मात्र तेच होतं.

डॉक्टरांनी रुग्णाला पंधरा मिनिटं द्यावीत. तीन महिने आठवड्यातून किमान एक दिवस पोट दुखतं का, शौचाशी त्याचा संबंध आहे का, शौच किती वेळा आणि कसं होतं ते बदललं का, एवढं विचारून निदान करण्याचे निकष २०१६ पासून जगभर वापरात आहेत. शौचातून रक्त, घटणारं वजन, ताप, पंडुरोग, पन्नाशीनंतर सुरू झालेला त्रास असेल तर पुढचा तपास हवाच. एरवी हिमोग्लोबिन, सीआरपी, सीलिॲकची चाचणी आणि शौचातलं कॅलप्रोटेक्टिन एवढ्याने बरंच भागतं. "तुम्हाला आयबीएस आहे, तो खरा आहे, त्यावर उपचार आहेत," हे वाक्य घरच्यांना समोर बसवून बोलावं. शिक्षकांनी मधेच वर्गाबाहेर जाऊ मागणाऱ्या मुलाला कारण विचारू नये. आणि मुंबईच्या लोकलला शौचालय नसताना कल्याणहून दीड तास उभ्याने येणारी बाई वाटेत ठाण्याला उतरून उशिरा पोचली, तर तिच्या हजेरीवर लाल रेघ मारणाऱ्या साहेबांनी आधी स्थानकावरच्या बायकांच्या शौचालयाला कुलूप आहे का, ते जाऊन पाहावं.