पोर्तुगालचा आषाढ

आमच्या बँकेत कोणी लाखभर रुपयांचे कर्ज मागायला आला, की आम्ही त्याची सात पिढ्यांची चौकशी करतो. तो राहतो कुठे, किती वर्षे राहतो, लाइटचे बिल त्याच्याच नावावर आहे का, आधारवरच्या जन्मतारखेचे पॅनवरच्या जन्मतारखेशी पटते का, सगळे बघतो. एवढे करून कर्ज बुडायचे ते बुडतेच. पण बुडवणारा कोण, हे आम्हाला नीट माहीत असते. याला केवायसी म्हणतात.

आता गंमत बघा. मंडईत भेंडी घेताना शेंडा मोडून बघणारा आपला मध्यमवर्गीय माणूस आठ दिवसांच्या सहलीला जातो, ऊन बघतो, समुद्र बघतो, आणि नवव्या दिवशी त्या देशात घर घ्यायचे ठरवतो. भेंडीची केवायसी होते, देशाची होत नाही. माझे भांडण आहे ते या माणसाशी. तो माझा सख्खा साडू आहे, हा निव्वळ योगायोग.

दिलीपराव जूनमध्ये पोर्तुगालला जाऊन आले. दक्षिणेकडच्या अल्गार्व किनाऱ्यावर ताविरा म्हणून एक गाव आहे. पांढरी घरे, मधून नदी, नदीवर जुना दगडी पूल, पलीकडे मिठागरे आणि बेटावर वाळूच वाळू. दिलीपरावांनी तिथे तीन दिवस काढले, तीन वेळा मासे खाल्ले आणि पाघळले. परत आल्यावर ते एका पंचतारांकित हॉटेलातल्या फुकट सेमिनारला गेले. तिथे मिनी समोसा, कॉफी आणि गुळगुळीत कागदाचे पुस्तक मिळाले. पुस्तकावर छापले होते : 'वर्षाचे तीनशे दिवस ऊन!'

"बघा!" दिलीपरावांनी ते माझ्यासमोर आपटले.

"उरलेले पासष्ट दिवस काय असतं?" मी विचारले.

हा प्रश्न मी खवचटपणे विचारला नव्हता. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत आठ टक्के व्याज लिहिलेले असले, की आम्हा बँकवाल्यांची नजर आपोआप खालच्या बारीक अक्षरांकडे जाते. पण दिलीपरावांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी लग्नाच्या पंगतीत मुलीच्या घटस्फोटाची चौकशी केली.

मी गप्पही बसलो असतो. साडूने पोर्तुगालात घर घ्यावे नाहीतर चंद्रावर. पण बेतात आम्हीही होतो. गुहागरला सासऱ्यांचे, म्हणजे अण्णांचे, जुने कौलारू घर आहे. अण्णा गेल्यापासून कुलपात आहे. ते शुभाताई आणि आमची ही, अशा दोघी बहिणींच्या नावावर. ते विकायचे, त्यात दिलीपरावांनी ठाण्याचा दुसरा फ्लॅट विकून पैसे घालायचे, आणि ताविराला दोघा साडवांचे मिळून घर घ्यायचे! आमचा वाटा एक चतुर्थांश. म्हणजे, माझ्या हिशेबाने, संडास आणि अर्धी गॅलरी.

आमची ही विरघळली होती. दिलीपरावांनी तिला पटवले होते, की तिथे भाषेचीसुद्धा अडचण नाही, अर्धी भाषा आपलीच आहे! आणि ते खोटे नव्हते. चावी त्यांची, बादली त्यांची, साबण त्यांचा, पाव, बटाटा, अननस, बिजागरी, घमेले, सगळे शब्द त्यांच्याकडूनच आपल्याकडे आले. लिलावसुद्धा त्यांचाच.

"आणि पगार!" दिलीपराव म्हणाले. "पगारसुद्धा पोर्तुगीज!"

मी शब्दकोश उघडला. पोर्तुगीजमध्ये पगार म्हणजे पैसे देणे. आपण ज्याची महिनाभर वाट बघतो, ते त्या देशात आपल्याकडून घेतात. माझ्या मते सेमिनारमध्ये सांगायला हवी होती अशी एकमेव गोष्ट ती होती.

शेवटी मी अण्णांना मध्ये आणले. अण्णांकडे पुण्या-मुंबईची माणसे यायची. डिसेंबरात यायची, गुलाबी थंडी, सूर्यास्त, माडाची झावळी बघून वेडी व्हायची आणि विचारायची, "अण्णा, इथे एखादी जागा मिळेल का हो?" अण्णा सुपारी कातरत म्हणायचे, "मिळेल की. आषाढात या, दाखवतो." आषाढात कोणी आले नाही. जे न विचारता डिसेंबरातच घेऊन मोकळे झाले, त्यांच्या दिवाणखान्यातून जुलैत पऱ्या वाहायला लागला. त्या पऱ्याला गावात सगळे ओळखत होते. तो शेकडो वर्षे तिथूनच जात होता. फक्त डिसेंबरात तो घरी नसे, एवढेच.

"तेव्हा," मी म्हणालो, "पोर्तुगालचा आषाढ केव्हा असतो ते शोधा. आपण तेव्हा जाऊ."

तो जानेवारीच्या सुमारास असतो. तिकडचा पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा. म्हणजे सहलवाले नेतात ते बरोबर उलट्या मोसमात. आम्ही चौघे जानेवारीत पंधरा दिवसांसाठी ताविराला एक घर भाड्याने घेऊन राहिलो. मोसम नसल्यामुळे भाडे स्वस्त होते. ते का स्वस्त होते, हे पहिल्या रात्री कळले.

बाहेर थंडी होतीच, पण फार नव्हती. आपल्या नाशिकची म्हणा. घरात मात्र बाहेरच्यापेक्षा जास्त! हे मी विनोदासाठी लिहीत नाही. तिथली घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली. जाड भिंती, फरशीची जमीन, छोट्या खिडक्या. ऊन आत येऊ नये यासाठी जे जे करता येईल ते ते केलेले. ते ऊन मग जानेवारीतही येत नाही. आम्ही दुपारी ऊब घ्यायला घराबाहेर जात होतो. दिलीपराव कानटोपी घालून जेवायला बसत. शुभाताईंनी दोन साड्यांवर स्वेटर, स्वेटरवर शाल आणि शालीवर दिलीपराव पांघरायचे तेवढे बाकी ठेवले होते.

युरोस्टॅटच्या २०२३ च्या पाहणीत, घर पुरेसे गरम ठेवणे परवडत नाही असे सांगणाऱ्यांचे प्रमाण पोर्तुगालमध्ये २०.८ टक्के निघाले; स्पेनच्या बरोबरीने युरोपीय संघात सर्वांत जास्त. फिनलंड नव्हे, स्वीडन नव्हे. ऊन विकणारे हे दोन देश! हा आकडा गुळगुळीत पुस्तकात नव्हता.

ओल तर विचारू नका. मालकाने कोपऱ्यात एक यंत्र ठेवले होते. ते हवेतले पाणी ओढून घेते. सकाळी त्याचे भांडे काठोकाठ. ते रिकामे करायला काही मागावे म्हणून मी शेजारच्या आजींकडे गेलो आणि खुणा करत म्हणालो, "बादली?" आजी घरातच जाड कोट घालून बसल्या होत्या. त्यांनी लगेच बादली आणून दिली. दिलीपरावांचे खरेच होते, भाषेची अडचण अशी नव्हती.

चौथ्या दिवशी आमच्या हिने कपाटामागे डोकावले. भिंतीवर काळी बुरशी चढली होती. ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली.

"ताई," ती म्हणाली, "इकडे ये. वास घे."

शुभाताईंनी घेतला.

"अण्णांच्या माजघराचा," त्या म्हणाल्या.

दोघी बहिणी परदेशातल्या भिंतीला नाक लावून उभ्या होत्या. मी आणि दिलीपराव काही बोललो नाही.

एक कबूल करतो. माझे भांडण पोर्तुगालशी नाही. जानेवारीत तिथे झाडे संत्र्यांनी लगडलेली असतात, महिना संपता संपता बदामाला फुले येतात, आणि मिठागरांत रोहित पक्षी उभे असतात, थेट आपल्या ठाण्याच्या खाडीतल्यासारखे. माणसे सभ्य. भूल पडावी असा देश आहे. म्हणून तर जास्त चौकशी करायची. कुरूप देशात कोण घर घेतो?

बेटावर जाणारी गावातली नाव बंद होती. ती उन्हाळ्यात चालते. हिवाळ्यात पुढच्या धक्क्यापर्यंत चालत जा. दिलीपरावांनी जिथे मासे खाल्ले होते त्या हॉटेलाचे शटर खाली. मोठे इस्पितळ फारोला, तीसेक किलोमीटरवर. दिलीपरावांना रक्तदाब आहे. समुद्र होता तिथेच होता. पण तो अटलांटिक. त्यात पाऊल घातल्यावर दिलीपरावांच्या तोंडून जो शब्द निघाला, तो मात्र पोर्तुगीज नव्हता.

मग कागदपत्रे. इथे मी जागा झालो. दिलीपरावांना जे जुने घर आवडले होते, त्याची वाटणीच झालेली नव्हती. वारस पाच. एक फ्रान्समध्ये, एक ब्राझीलमध्ये, आणि सगळ्यांच्या सह्या लागणार. हे ऐकून माझा ऊर भरून आला. एवढे समुद्र ओलांडून आलो तरी भाऊबंदकी भेटलीच! आधी करारनामा करायचा, तेव्हा इसारा द्यायचा, बहुधा दहा टक्के. त्याला ते सिनाल म्हणतात. आपण माघार घेतली तर तो बुडतो; विकणाऱ्याने घेतली तर त्याने दुप्पट परत करायचा. कायदा चांगला आहे. फक्त माघार बहुतेक वेळा कोण घेतो, ते थंडीत कानटोपी घालून जेवणाऱ्याने ओळखावे. बांधकाम राहण्यालायक असल्याचा परवाना खरेदीखताच्या वेळी दाखवणे २०२४ पासून सक्तीचे राहिलेले नाही. सोय झाली म्हणतात. कोणाची?

आणि सगळ्यांत मोठी गंमत सेमिनारवाले कॉफीबरोबर गिळून बसले होते. पूर्वी, म्हणजे २०१२ पासून, पाच लाख युरोंचे घर घेतले की तिथे राहण्याचा परवाना मिळायचा. घराची ती वाट ऑक्टोबर २०२३ मध्ये कायद्याने बंद झाली. आता घर तुमचे, चावी तुमची, पट्टी तुम्ही भरायची. पण राहायचे पाहुण्याच्या व्हिसावर, कुठल्याही १८० दिवसांत फार तर ९० दिवस. आपल्याच घरात आपण पाहुणे! जावई तरी दशम्या घेऊन जातो.

"तुम्ही फार निगेटिव्ह आहात," दिलीपराव म्हणाले. "पोर्तुगीज असा विचार करत बसले असते तर वास्को द गामा भारतात आला असता का?"

बरे झाले त्यांनीच नाव काढले. वास्को द गामा १४९८ मध्ये आफ्रिकेतल्या मालिंदीहून निघाला, तेव्हा बरोबर या पाण्यातला वाटाड्या होता, वारा पाठीवर होता. तेवीस दिवसांत समुद्र ओलांडून मे महिन्यात तो कालिकतला लागला. परतताना मात्र वारा फिरायची वाट न बघता ऑगस्टच्या अखेरीस निघाला. मालिंदी गाठायला जानेवारी उजाडला. खलाशी वाटेत स्कर्व्हीने पटापट मेले. जहाजे हाकायला माणसे पुरेनात, म्हणून पुढे एक जहाज जाळून टाकावे लागले. किनारा तोच, समुद्र तोच. मोसम विचारला नाही. किनाऱ्यावरच्या कुठल्याही कोळ्याने फुकट सांगितले असते. अण्णांनी तर सुपारीसुद्धा दिली असती.

दिलीपराव यावर काही बोलले नाहीत. कानटोपी मात्र खाली ओढली.

परत आल्यावर आमच्या हिने सांगून टाकले, "गुहागरचं घर विकायचं नाही. सही करणार नाही." शुभाताई म्हणाल्या, "मीसुद्धा नाही." मे महिन्यात दोघी गुहागरला जाऊन आल्या. कौले शाकारून घेतली, मागच्या बाजूचे दोन वासे बदलले. कुठला वासा गळतो हे आमच्या हिला अंधारातसुद्धा सांगता येते. खर्च माझ्या अंगावर आला, तक्रार नाही. पगार म्हणजे देणे, हे आता मी शिकलो आहे.

दिलीपराव मात्र ऐकतील तर दिलीपराव कसले! गेल्या सोमवारी ते आमच्याच शाखेत, माझ्याच काउंटरवर हजर. ठाण्याचा फ्लॅट विकला होता. ताविराला दुसरे, लहान घर फोनवरून बघितले होते, आणि इसारा पाठवायचा होता. परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म त्यांनी भरूनच आणला होता. माझे कर्तव्य म्हणून मी नियम सांगितले : आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलर्सपर्यंत पाठवता येतात, दहा लाख रुपयांच्या वर गेलात की वरच्या रकमेवर वीस टक्के टीसीएस आधी कापला जाईल, तो पुढे रिटर्नमध्ये वळता होतो, यासाठी बँकेचे कर्ज मिळणार नाही, आणि दर वर्षी रिटर्नमध्ये ते घर दाखवावे लागेल.

"सगळं माहीत आहे," ते म्हणाले. "शिक्का मारा."

"घर पाहिलंत?"

"व्हिडिओवर. काय ऊन आहे हो!"

"व्हिडिओ कधीचा?"

"ऑगस्टचा."

मी फॉर्म उलटा केला, सुलटा केला. दुसऱ्या पानावरची सही पॅनवरच्या सहीशी जुळत नव्हती. दिलीपरावांच्या सहीतला 'प' नेहमीच थोडा वाकडा येतो. गेली वीस वर्षे मी तो चालवून घेत आलो आहे.

"सही जुळत नाही," मी म्हणालो. "उद्या या."

उद्या ते आले तेव्हा सर्व्हर बंद होता. परवा पॅनच्या झेरॉक्सवर सही राहिली होती. आज सकाळी मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारले, की गिऱ्हाइकाला असे हेलपाटे का घालायला लावता? मी म्हणालो, "साहेब, केवायसी चालू आहे." ते म्हणाले, "कोणाची?" शुक्रवारपर्यंत ती कशीबशी खेचता येईल. तोवर शुभाताई आपल्या कपाटातली कानटोपी शोधून त्यांच्या उशीखाली ठेवणार आहेत.