विश्लेषण : सहल स्वतः आखावी की एजंटमार्फत? ‘टीसीएस’ २ टक्क्यांवर आल्याने गणित किती बदलले?

परदेश सहलीच्या पॅकेजवरील करसंकलन कमी झाल्याने ट्रॅव्हल एजंटकडे जाणे पूर्वीइतके महाग राहिलेले नाही. पण एजंटचा खरा उपयोग सवलतीत आहे की जबाबदारीत, हे पैसे भरण्यापूर्वी समजून घेणे गरजेचे आहे.

उन्हाळी सुट्टी जवळ आली की घरोघरी एक वाद ठरलेला असतो. तिकीट, हॉटेल, टॅक्सी सगळे मोबाइलवर मिळत असताना एजंटला पैसे कशाला द्यायचे? यंदा या वादात दोन नव्या गोष्टींची भर पडली आहे. डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि सुटे सुटे भाग जोडून आखलेल्या सहली विमानतळावरच कोलमडल्या. दुसरीकडे, यंदाच्या केंद्रीय अर्थसंकल्पाने परदेश सहलीच्या पॅकेजवरील ‘टीसीएस’ सरसकट २ टक्क्यांवर आणला. त्यामुळे ‘स्वतः की एजंट’ या प्रश्नाचे उत्तर पुन्हा तपासून पाहावे लागेल.

‘टीसीएस’मध्ये नेमका बदल काय?

टीसीएस म्हणजे विक्रेत्याने ग्राहकाकडून आगाऊ गोळा करून सरकारजमा केलेला प्राप्तिकर. परदेश सहलीच्या पॅकेजवर तो ऑक्टोबर २०२० पासून लागू झाला, तेव्हा दर ५ टक्के होता. ऑक्टोबर २०२३ पासून वर्षाला ७ लाख रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे २० टक्के असे दोन टप्पे झाले. एप्रिल २०२५ मध्ये ही मर्यादा १० लाखांवर गेली. आता टप्पे काढून रक्कम कितीही असली तरी २ टक्के दर ठेवण्यात आला आहे.

उदाहरण घेऊ. एका कुटुंबाने युरोपचे १२ लाखांचे पॅकेज एकाच व्यक्तीच्या पॅनवर घेतले. जुन्या पद्धतीने पहिल्या १० लाखांवर ५० हजार आणि उरलेल्या २ लाखांवर ४० हजार, असे ९० हजार रुपये पॅकेजच्या वर भरावे लागत. आता २४ हजार भरावे लागतील. हे पैसे पूर्वीही बुडत नव्हते. विवरणपत्र भरताना ते एकूण करात वळते होतात किंवा परत मिळतात, पगारदारांना ते कंपनीला कळवून टीडीएसमध्येही जुळवून घेता येतात. मात्र सहलीच्या तोंडावर, खर्चाचा ताण सर्वाधिक असताना ते अडकून पडत. तो ताण आता हलका झाला आहे.

स्वतः बुकिंग केले तर टीसीएस लागत नाही का?

फक्त विमानाचे तिकीट किंवा फक्त हॉटेल घेतले, तर ते ‘पॅकेज’ ठरत नाही. प्रवासाचे तिकीट, मुक्काम आणि तत्सम इतर खर्च यांपैकी किमान दोन गोष्टी एकत्र विकल्या गेल्या तरच ते पॅकेज, असे प्राप्तिकर विभागाने २०२३ मध्ये स्पष्ट केले होते. परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेल्या खर्चावरही सध्या टीसीएस नाही. त्यामुळे एजंटला टाळून सुटे बुकिंग करण्याकडे अनेकांचा कल वाढला होता. आता केवळ टीसीएस वाचवण्यासाठी सहलीचे तुकडे करण्यात फारसा अर्थ उरलेला नाही.

एजंटमुळे सहल स्वस्त होते का?

सरसकट ‘हो’ म्हणता येणार नाही. एकेकाळी विमान कंपन्या तिकिटामागे एजंटला ठरावीक कमिशन देत. २००८ च्या सुमारास भारतातील कंपन्यांनी ते बंद केले. त्यामुळे मुंबई-दिल्लीसारख्या साध्या तिकिटात एजंटकडे देण्यासारखी सूट फारशी नसते, उलट तो स्वतःचे सेवाशुल्क लावतो. रेल्वेचेही तसेच. आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधीच खुले होते. तात्काळची खिडकी उघडल्यावर पहिली ३० मिनिटे अधिकृत एजंटला तिकीट काढता येत नाही, तर आयआरसीटीसीवर आधार पडताळणी झालेल्या प्रवाशालाच ते मिळते. ‘तात्काळ मी काढून देतो’ असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर आधी शंका घ्यावी.

फरक पडतो तो एकत्रित खरेदीत. गटासाठी आधीच घेतलेल्या विमानाच्या जागा, हंगामभरासाठी ठरवलेल्या हॉटेलच्या खोल्या आणि स्थानिक बस यांचा दर एकेकट्या ग्राहकाला सहसा मिळत नाही. महाराष्ट्रातील मोठ्या टूर कंपन्यांचा व्यवसाय याच पायावर उभा आहे. सोबत मराठी बोलणारा टूर मॅनेजर आणि जेवणाची सोय. आई-वडिलांना पहिल्यांदा परदेशी पाठवणाऱ्यांसाठी हाच निर्णायक मुद्दा असतो.

मग खरा फायदा कोणता?

सहल ही एकमेकांत अडकलेल्या कड्यांची साखळी असते. विमान चुकले की टॅक्सी, हॉटेल, पुढचे विमान सगळेच हलते. डिसेंबरमध्ये नेमके हेच झाले. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्ण लागू झाल्यावर इंडिगोला वेळापत्रक सांभाळता आले नाही आणि ५ डिसेंबरला एका दिवसात एक हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली. सरकारने ७ डिसेंबरच्या रात्री ८ पर्यंत परतावे पूर्ण करण्याचे आदेश दिले आणि इतर कंपन्यांच्या भाड्यालाही तात्पुरती मर्यादा घातली. पण परतावा होता तो विमानाच्या तिकिटाचा. गोव्यातले हॉटेल किंवा केरळमधली हाऊसबोट वेगळी घेतली असेल, तर तिथले पैसे परत करण्याचे बंधन विमान कंपनीवर नव्हते. त्यासाठी ज्याला-त्याला स्वतःच फोन करत बसावे लागले.

असाच धोका दोन वेगळ्या तिकिटांत असतो. मुंबई-दिल्ली एका कंपनीचे आणि दिल्ली-लंडन दुसऱ्या कंपनीचे स्वस्त तिकीट वेगवेगळे घेतले, तर पहिले विमान उशिरा पोहोचल्याने चुकलेल्या दुसऱ्या विमानाची जबाबदारी कोणाचीच नसते. दोन्ही टप्पे एकाच आरक्षणात असतील, तर पुढच्या विमानात बसवणे हे कंपनीचे काम ठरते. दर तुलना करणाऱ्या अ‍ॅपवर सर्वात वर दिसणारा पर्याय अनेकदा पहिल्या प्रकारचा असतो. अनुभवी एजंट तो सुचवत नाही.

पॅकेज घेतले की या सगळ्या कड्यांसाठी उत्तर देणारा एकच असतो. संकटात त्याचे मोल कळते. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये २६ जणांचा बळी गेला, त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते. त्याआधीच दोन दिवसांपूर्वी रामबनजवळ दरडी कोसळून जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद झाला होता. म्हणजे परतीचा भार विमानांवरच आला. राज्य सरकारला विशेष विमाने पाठवावी लागली. पाठोपाठ मे महिन्यात उत्तर आणि पश्चिम भारतातील ३२ विमानतळ काही दिवस नागरी उड्डाणांसाठी बंद राहिले. अशा वेळी पर्यटकांची यादी, हॉटेलचा पत्ता, चालकाचा नंबर आणि परतीचे तिकीट एकाच कार्यालयात असले की घरच्यांना विचारायला एक जागा असते आणि प्रशासनालाही माहिती एकत्र मिळते.

व्हिसाच्या बाबतीत एजंट किती उपयोगी?

व्हिसा देणे-नाकारणे हा निर्णय पूर्णपणे दूतावासाचा. ‘व्हिसाची गॅरंटी’ देणारा एजंट खोटे बोलतो, असे समजावे. त्याचा उपयोग कागदपत्रे नीट लावण्यापुरता आहे, पण तो लहान नाही. २०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी सुमारे ११ लाख अर्ज गेले आणि त्यांतले सुमारे १ लाख ६५ हजार नाकारले गेले. प्रौढ व्यक्तीसाठी ९० युरो शुल्क आहे आणि अर्ज नाकारला तरी ते परत मिळत नाही. जिथे सर्वाधिक दिवस मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. हॉटेल, तिकीट, रजेचे पत्र आणि बँकेचे विवरण यांतल्या तारखा एकमेकींशी जुळाव्या लागतात. अशा विसंगती जाणकार एजंट आधीच पकडतो.

एजंटमुळे अडचण कुठे होते?

डिसेंबरच्या गोंधळात याची दुसरी बाजूही दिसली. एजंट किंवा संकेतस्थळामार्फत काढलेल्या अनेक तिकिटांवर प्रवाशाचा संपूर्ण तपशील नव्हता, त्यामुळे अशा प्रवाशांनी थेट संपर्क साधावा, असे विमान कंपनीला सांगावे लागले. तिकिटावर एजंटचाच मोबाइल क्रमांक असेल, तर उड्डाण रद्द झाल्याचा संदेशही त्यालाच जातो. परतावाही एजंटच्या खात्यातून फिरून येतो. नियमानुसार एजंट हा विमान कंपनीचा प्रतिनिधी असल्याने परताव्याची अंतिम जबाबदारी कंपनीचीच आहे, पण प्रत्यक्षात ‘त्यांना विचारा’ असे दोन्हीकडून ऐकावे लागते. करोनाकाळातील परताव्यांचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. भारतात ट्रॅव्हल एजन्सी सुरू करण्यासाठी देशभर लागू असलेला सक्तीचा परवाना नाही. पर्यटन मंत्रालयाची मान्यता ऐच्छिक आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०१९ मध्ये थॉमस कुक ही कंपनी बुडाली, तेव्हा ‘अ‍ॅटॉल’ या संरक्षण योजनेमुळे पॅकेजवर गेलेल्यांना मायदेशी आणता आले आणि पुढच्या सहलींचे पैसेही परत मिळाले. (त्याच नावाची भारतातील कंपनी स्वतंत्र आहे, तिच्यावर याचा परिणाम झाला नव्हता.) युरोपीय महासंघातही पॅकेज विक्रेत्याला दिवाळखोरीपासून संरक्षणाची तजवीज करावी लागते. आपल्याकडे असे कवच नाही. एजंटने गाशा गुंडाळला, तर ग्राहक आयोग आणि पोलीस ठाणे एवढेच मार्ग उरतात.

पैसे भरण्यापूर्वी काय पाहावे?

जीएसटी क्रमांक, कार्यालयाचा पत्ता आणि संस्थेच्या नावाचे बँक खाते या तीन गोष्टी किमान हव्यात. कोणा व्यक्तीच्या यूपीआयवर पूर्ण रक्कम मागितली जात असेल, तर थांबावे. ‘आयाटा’ मान्यता किंवा टाय, टाफी यांसारख्या संघटनांचे सदस्यत्व ही जमेची बाजू, हमी नव्हे. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. सहल कोणत्या टप्प्यावर रद्द केली तर किती रक्कम कापली जाईल, हे लेखी घ्यावे. ‘थ्री स्टार किंवा तत्सम’ याऐवजी हॉटेलचे नाव मागावे. तिकिटावर स्वतःचा मोबाइल क्रमांक आणि ईमेल टाकून घ्यावा, पीएनआर हाती आल्यावर विमान कंपनीच्या संकेतस्थळावर तो तपासावा. प्रवास विमा वेगळा घ्यावा, एजंट म्हणजे विमा नव्हे.

चारधाम यात्रेच्या हंगामात विशेष सावध राहायला हवे. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचे आरक्षण आयआरसीटीसीच्या ‘हेलियात्रा’ संकेतस्थळावरूनच होते. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट संकेतस्थळांबद्दल केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये इशारा दिला होता. फसवणूक झाल्यास तातडीने १९३० वर, तर सेवेबद्दलच्या तक्रारीसाठी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर संपर्क साधता येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडेही दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही.

मग कोणी एजंटकडे जावे?

कोकणात दोन दिवस जायचे असेल किंवा एकच तिकीट आणि ओळखीचे हॉटेल असेल, तर स्वतःच बुकिंग करणे सोपे आणि स्वस्त. सहलीत तीन-चार शहरे, व्हिसा, सोबत वृद्ध किंवा लहान मुले आणि ठरावीकच रजा असेल, तर एजंटचे शुल्क वसूल होते. दोन्ही बाजूंनी दर काढून पाहावेत आणि तफावत किती आहे ते तपासावे. ती तफावत म्हणजे रात्री दोन वाजता परक्या विमानतळावरून फोन करण्यासाठी मोजलेली किंमत. तो फोन नक्की कोण उचलणार, त्याचे नाव आणि नंबर पैसे भरण्यापूर्वीच मागून घ्यावा. ते मिळत नसतील, तर एजंट आणि अ‍ॅप यांत फारसा फरक राहत नाही.